पहिली अपॉइंटमेंट आणि नवऱ्याला न सांगितलेली गोष्ट

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. मी मूळची सांगलीची. दीड वर्षापूर्वी लग्न होऊन इंग्लंडला, मिल्टन कीन्सला आले. यांचा स्किल्ड वर्कर व्हिसा, माझा डिपेंडंट. आता सातवा आठवडा चालू आहे. जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे गेलो तर त्यांनी तपासलंसुद्धा नाही, हॉस्पिटलच्या वेबसाइटवर फॉर्म भरा एवढंच म्हणाले. तो यांनीच भरला. नवव्या आठवड्यात मिडवाइफची अपॉइंटमेंट मिळालीय. सासूबाई रोज फोनवर विचारतात: डॉक्टर का बघत नाहीत, सोनोग्राफी का नाही, गोळ्या का नाहीत? त्या पार्सलने गर्भपाल रस हे आयुर्वेदिक औषध आणि आणखी काही काही पाठवणार आहेत. माझं इंग्रजी जेमतेम. तिथे काय विचारतात, काय न्यायचं, रक्त काढणार असतील तर उपाशी जायचं का? आणि शेवटचं. लग्नाआधी एकदा गोळ्या घेऊन गर्भपात केला होता. यांना माहीत नाही. फॉर्मवर यांनी पहिलीच वेळ असं लिहिलंय. मी गप्प राहिले तर चालेल ना?

ताईंचं उत्तर

शेवटी लिहिलंस ते आधी घेते. वयाने मोठी आहे म्हणून अगं-तुगं करतेय, राग मानू नकोस.

गप्प राहू नकोस. मिडवाइफला सांग. नवऱ्याला सांगायचं की नाही, कधी, कसं, हा वेगळा विषय आहे आणि तो या अपॉइंटमेंटच्या आधी निकालात निघायलाच हवा असं अजिबात नाही. तू दोन्हीची एकच गाठ मारून बसलीयस.

मिडवाइफला ही माहिती लागते ती कामासाठी. समज तुझा रक्तगट निगेटिव्ह निघाला. मग आधीच्या वेळी अँटी-डीचं (अँटिबॉडी तयार होऊ न देणारं) इंजेक्शन मिळालं होतं का, हे तिला कळायला हवं. कारण क्वचित अशा वेळी आईच्या रक्तात अँटिबॉडी तयार होतात आणि पुढच्या खेपेला त्या बाळाच्या रक्तपेशींवर उठतात. पहिल्या भेटीत रक्तगट आणि अँटिबॉडी दोन्ही तपासतात. कागदावर ‘पहिलीच वेळ’ आणि रक्तात अँटिबॉडी, असं झालं की सगळे कोड्यात पडणार आणि खुलासा तुलाच करावा लागणार, तोही कदाचित नवरा शेजारी असताना. त्यापेक्षा आधी सांगितलेलं बरं.

ती काय विचारेल? किती आठवडे झाले होते, गोळ्यांनी सगळं साफ झालं की नंतर क्युरेटिंग करावं लागलं, रक्त फार गेलं का, नंतर ताप आला का. कुणाबरोबर आणि का, हे ती विचारणार नाही. लवकर झालेला, गुंतागुंत न झालेला एकच गर्भपात असेल तर बहुतेक वेळा ती नोंद करते आणि पुढच्या प्रश्नाकडे वळते. मी इथे मिडवाइफ म्हणून बरीच वर्षं काढली. तुला जी गोष्ट आभाळाएवढी वाटतेय, ती त्या खोलीत आठवड्यातून कितीतरी वेळा सांगितली जाते.

पण नवरा शेजारी बसलेला असताना सांगायचं कसं, हा तुझा खरा प्रश्न. त्याची सोय आहे. प्रत्येक बाईला गरोदरपणात निदान एकदा तरी एकटीला भेटावं, अशी इथल्या मिडवाइफना सूचना असते. घरात मारहाण, धाकदपटशा, पैशांची अडवणूक होते का, हे सगळ्यांनाच विचारतात आणि ते नवऱ्यासमोर विचारत नाहीत. म्हणून पहिल्या भेटीत कधीतरी ती नवऱ्याला ‘तुम्ही जरा बाहेर बसा’ म्हणते, किंवा वजन घ्यायच्या निमित्ताने तुला दुसऱ्या खोलीत नेते. नाहीतर लघवीची बाटली हातात देऊन बाथरूमकडे पाठवते. काही दवाखान्यांत त्या बाथरूमच्या दारामागे सूचना असते: एकटीने बोलायचं असेल तर बाटलीवर ठिपक्याचा स्टिकर लाव. असं काही दिसलं तर खुशाल लाव.

ती संधी आलीच नाही असं वाटलं, तर तू मागून घे. ‘कॅन आय स्पीक टू यू अलोन?’ एवढं वाक्य पाठ कर, बास. हल्ली कित्येक ठिकाणी अर्धे प्रश्न आधी फोनवर विचारतात. तो फोन नवरा घरात असताना आला तर वेळ बदलून माग, किंवा ‘हा एक प्रश्न आपण भेटल्यावर बघू’ म्हण. मिडवाइफना असं ऐकायची सवय असते. त्या खोदत बसत नाहीत.

आता एक बारीक गोष्ट, जी तुझ्या लक्षात आली नसावी. फॉर्म नवऱ्याने भरला म्हणतेस. मग त्यात मोबाइल नंबर आणि ईमेल कुणाचा आहे? त्याचा असेल तर हॉस्पिटलचे सगळे मेसेज त्याच्याकडे जाणार. पुष्कळ हॉस्पिटलं आता कागदी फाइल देत नाहीत. बॅजर नोट्ससारखं ॲप असतं आणि तुझी सगळी नोंद त्यात दिसते. पहिल्याच पानावर जी आणि पी अशी अक्षरं असतात. जी म्हणजे किती वेळा दिवस राहिले, पी म्हणजे किती बाळंतपणं झाली. तुझं जी २ होणार, आणि ज्याला ते वाचता येतं त्याला लगेच कळतं. नवऱ्याला येत नसेल, पण इंटरनेटवर शोधायला किती वेळ लागतो? म्हणून अपॉइंटमेंटच्या आधी तुझा स्वतःचा नंबर आणि ईमेल नोंदवून घे. मिडवाइफला सांगतानाच पुढचं वाक्य जोड: माझ्या नवऱ्याला हे माहीत नाही, ॲपवर काय दिसेल? कुठली माहिती कुठे दिसते आणि कुठली दिसू न देता नोंदवता येते, हे तिला ठाऊक असतं. पुढच्या भेटींना कोणी ‘ही दुसरी वेळ ना?’ असं सगळ्यांसमोर म्हणू नये यासाठी तशी खूणही ठेवायला सांग.

तुझी माहिती तुला न विचारता ती नवऱ्याला देणार नाही. सासूबाईंना तर नाहीच. तुझ्या किंवा बाळाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तरच तिला दुसऱ्या कुणाशी बोलावं लागतं, आणि जुना गर्भपात त्यात मोडत नाही. हे नवऱ्याला कळलं तर तो काय करेल याची तुला नुसती काळजी वाटते की भीती, हे मात्र स्वतःशी एकदा तपासून बघ. भीती असेल तर तेसुद्धा त्या दोन मिनिटांत सांग.

उरलेली तयारी बरीचशी घरबसल्या, फोनवर होणारी आहे. ही पहिली भेट तासभर चालते आणि त्यात तपासणी थोडी, प्रश्न फार. पोटाला हात लावतीलच असं नाही, आतून तपासणी तर नाहीच. उंची, वजन, रक्तदाब, लघवी, रक्त. एका लहान यंत्रात श्वास रोखून मग हळूहळू फुंकायला सांगतात. शरीरात कार्बन मोनॉक्साइड किती आहे ते त्यात कळतं. सिगारेट न ओढणाऱ्यांनाही हे सांगतात, कारण शेजारी ओढणारा माणूस किंवा बिघडलेला गॅस बॉयलर असला तरी आकडा वर जातो. चार किंवा त्याहून जास्त आला तर चौकशी होते. तंबाखूबद्दल विचारतील तेव्हा त्यांच्या डोळ्यासमोर सिगारेट असते. घरात कुणाला मिश्रीची सवय असेल आणि तुलाही लागली असेल, तर ती तंबाखूच आहे हे तूच सांगायला हवं. त्यांनी तो शब्द ऐकलेलाही नसतो.

आधी आईला फोन कर. विचार: तुला किंवा माझ्या मावशीला, बहिणीला बाळंतपणात बीपी वाढलं होतं का, झटके आले होते का? आपल्याकडे हे ‘अंगावर सूज आली होती, मग लवकर सिझर केलं’ एवढंच सांगितलं जातं. त्यामागे बहुधा बीपी असतं, म्हणून नीट खोदून विचार. आईला किंवा बहिणीला हा त्रास झालेला असेल आणि तुझं हे पहिलंच बाळंतपण असेल, तर बाराव्या आठवड्यापासून रोज कमी डोसची ॲस्पिरिन द्यायची का हे ठरवतात. ती लवकर सुरू केली तर उपयोगाची, म्हणून ही माहिती आत्ताच हवी. आणखी विचार: आई, वडील, भावंडं यांत कुणाला मधुमेह आहे का, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली होती का, बाळंतपणानंतर कुणाचं मन फार बिघडलं होतं का. तुझा रक्तगट, लहानपणी काविळीची, गोवराची लस घेतली होती का, टीबी झाला होता का. आई म्हणेल, कशाला एवढं? म्हण, इथे परीक्षा असते.

मधुमेह घरात नसला तरी तुझी साखरेची तपासणी होईल, कारण भारतीय वंशाच्या बायकांना गरोदरपणातला मधुमेह जास्त होतो. चोवीस ते अठ्ठावीस आठवड्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजतात, आधी आणि दोन तासांनी रक्त घेतात. तेव्हा मात्र उपाशी जायचं असतं.

नवऱ्याच्या घरचीही थोडी माहिती लागेल. थॅलेसेमिया आणि सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारांची तपासणी पहिल्या रक्तातच होते, दहाव्या आठवड्याच्या आत झाली तर उत्तम. त्यासाठी एक फॉर्म असतो, त्यात दोघांची घराणी मूळची कुठली ते विचारतात. नुसतं ‘इंडियन’ लिहून सोडू नका. विदर्भात आणि नंदुरबार-धुळ्याकडच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल बऱ्यापैकी आहे, सिंधी, लोहाणा, कच्छी घरांत थॅलेसेमिया. तू वाहक निघालीस तर लगेच नवऱ्याचं रक्त तपासतात. दोघेही वाहक असले तर बाळाला आजार होण्याची शक्यता दर खेपेला चारात एक. वाहक असणं म्हणजे आजारी असणं नाही, एवढं दोघांनीही आधीच समजून घ्या.

आणि हो, एक प्रश्न ऐकून बऱ्याच जणी चपापतात: तुम्ही आणि बाळाचे वडील नात्यातले आहात का? आपल्याकडे मामेभाऊ-आतेबहिणीचं लग्न होतं, सांगली-कोल्हापूर-सोलापूरकडे तर अजूनही. तुमचं तसं असेल तर सरळ सांग. नाक मुरडत नाहीत, जेनेटिक सल्ला हवा का तेवढं विचारतात. लहानपणी तुझ्या अंगाची सुंता केली होती का, असाही प्रश्न येईल. तो प्रत्येकीला विचारतात. नाही म्हणायचं आणि पुढे जायचं. गेल्या महिन्यात उदास, निराश वाटत होतं का, कशात रस वाटेनासा झाला होता का, असं विचारलं तर ‘आय ॲम फाइन’ म्हणून उडवून लावू नकोस. परक्या देशात, घरात एकटी, दिवसभर मळमळ, वाटतच असणार.

घरी दोघांनी बसून ठरवायची गोष्ट एकच आहे. अकरा ते चौदा आठवड्यांमधल्या सोनोग्राफीबरोबर डाउन, एडवर्ड्स आणि पटाऊ सिंड्रोमची (बाळातल्या गुणसूत्रांच्या दोषांची) चाचणी हवी का, हे मिडवाइफ विचारते. ती ऐच्छिक असते. निकाल हो-नाही असा येत नाही, ‘इतक्यात एक’ असा येतो. दीडशेत एक किंवा त्याहून जास्त शक्यता आली तर पुढच्या तपासण्या सुचवतात. तसा निकाल आला तर आपण काय करणार, याचा विचार करून मगच हो म्हणा. आपल्या लोकांना तपासणी म्हटलं की सगळी हवी असते, पैसे भरलेत ना! नकोशी वाटली तर नको म्हणता येतं.

आता सासूबाई. त्यांचं चुकतंय असं मला वाटत नाही. पुण्या-मुंबईकडे दिवस राहिले की आठ दिवसांत सोनोग्राफी, दर महिन्याला डॉक्टर, पिशवीभर गोळ्या. इथे सगळंच निवांत दिसतं. त्यांना सांग की मिडवाइफ ही तीन वर्षांची पदवी घेतलेली, नोंदणी झालेली व्यावसायिक आहे आणि सगळं ठीक असेल तर बाळंतपणही तीच करते. बीपी, साखर, जुळं, आधीचं सिझर असं काही असेल तर डॉक्टरकडे पाठवतात. पहिलटकरणीला साधारण दहा भेटी असतात. सोनोग्राफी दोन, पहिली वर सांगितलेली, दुसरी विसाव्या आठवड्याच्या सुमाराला, बाळाचे अवयव बघायला. दोनच का, याचं उत्तर एवढंच की सगळं ठीक असताना दर महिन्याला बघून बाळाची तब्येत सुधारत नाही. गरज पडली तर वाढवतात. (दुसऱ्या सोनोग्राफीत मुलगा की मुलगी हे बऱ्याच हॉस्पिटलांत विचारलं तर सांगतात. भारतात १९९४ च्या कायद्याने बंदी आहे, त्यामुळे तिकडून फोन येतील. विचारायचं की नाही आणि विचारलंच तर तिकडे कळवायचं की नाही, हे तुम्ही दोघांनी ठरवायचं.)

धनुर्वाताचं इंजेक्शन का नाही, हाही प्रश्न येणारच. इथे सोळाव्या आठवड्यापासून डांग्या खोकल्याची लस देतात, त्यात धनुर्वात आलाच. अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून आरएसव्हीची, म्हणजे बाळाच्या छातीला त्रास देणाऱ्या एका विषाणूवरची. बाळाला बीसीजीही मिळेल, कारण आई-वडील भारतात जन्मलेले. त्यासाठीच तुमचा जन्म कुठला ते विचारतात.

गोळ्यांचं म्हणशील तर दोन पुरेत. फॉलिक ॲसिड ४०० मायक्रोग्रॅम बाराव्या आठवड्यापर्यंत आणि व्हिटॅमिन डी १० मायक्रोग्रॅम रोज. अपॉइंटमेंटची वाट न बघता आजच सुरू कर. सुपरमार्केटच्या स्वतःच्या ब्रँडची चालते. मधुमेह, फिटच्या गोळ्या, थॅलेसेमिया (नुसती वाहक असलीस तरी), सिकलसेलचा आजार, किंवा दोघांपैकी कुणाच्याही घराण्यात मणक्याचा दोष घेऊन जन्मलेलं बाळ, यातलं काही असेल तर ५ मिलिग्रॅमची लागते. ती चिठ्ठीवर मिळते, जीपीला लगेच फोन कर. लोह आणि कॅल्शियम इथे सरसकट देत नाहीत. शाकाहारी असशील तर ते आवर्जून सांग आणि बी१२ बघायला हवं का ते विचार.

भारतातून आणलेली थायरॉइडची गोळी चालू आहे का? असेल तर बंद करू नकोस आणि नवव्या आठवड्यापर्यंत थांबूही नकोस. दिवस राहिले की बहुतेकींना डोस वाढवावा लागतो, म्हणून आत्ताच जीपीला सांग. प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या तिकडे ‘गर्भ टिकायला’ म्हणून सर्रास देतात. इथे रक्तस्राव आणि आधी आपोआप झालेला गर्भपात अशी कारणं असतील तरच देतात. कुणी पाठवल्या असतील तर न विचारता घेऊ नकोस.

गर्भपाल रसाचं पार्सल मात्र थांबव. यावर मी भीड ठेवणार नाही. त्यात हिंगूळ आणि नागभस्म असतं, म्हणजे पारा आणि शिसं. शिसं वारेतून बाळापर्यंत जातं. सासूबाईंना वाद घालून पटणार नाही. ‘इथे रक्त तपासतात, त्यात शिसं सापडलं तर चौकशी होईल’ म्हणण्यापेक्षा ‘मिडवाइफने सगळ्या भस्मांना नाही सांगितलंय’ असं म्हण, ते खरंही ठरेल कारण तू विचारशील तेव्हा ती तेच सांगेल. पाठवायची हौस असेल तर मेतकूट पाठवा म्हणावं. मळमळीच्या दिवसांत मऊभात-मेतकुटाइतकं काही जात नाही. पार्सल येऊन पडलंच तर डबी घेऊन जा आणि घेतलं असशील तर किती दिवस ते सांग.

इंग्रजीची चिंता करू नकोस. दुभाषी फुकट मिळतो, पण आधी मागावा लागतो. फोन करून सांग की मराठी हवा. नुसतं ‘इंडियन’ म्हटलंस तर हिंदी किंवा गुजराती येईल. नवऱ्याने भाषांतर करावं असं त्यांना नकोच असतं, आणि तुझ्या बाबतीत तर का ते उघड आहे. दुभाषी मराठी मंडळातल्या ओळखीतला निघाला तर, अशी धाकधूक असेल तर फोनवरचा दुभाषी माग. तो कुठल्या तरी दुसऱ्या गावात बसलेला असतो, तुझं पूर्ण नावही त्याला सांगावं लागत नाही, आणि गुप्तता त्यालाही बांधून ठेवते.

नेताना फार ओझं नको. शेवटच्या पाळीची पहिली तारीख, पाळी किती दिवसांनी येते, चालू औषधांच्या पट्ट्या (नावं लिहून नको, पट्ट्याच ने, भारतातली ब्रँडची नावं इथे कुणाला कळत नाहीत), ॲलर्जी, जुने ऑपरेशनचे कागद, आणि प्रश्न लिहिलेला मोबाइल. नंतर रिपोर्ट बघताना दचकू नकोस: हिमोग्लोबिन ११२ असं दिसेल. आपल्याकडचं ते ११.२. पहिल्या तिमाहीत इथे ११० च्या खाली गेलं तर ॲनिमिया म्हणतात. साखरेचा आकडाही वेगळ्या मापात असतो, त्याला १८ ने गुणलं की आपला मिळतो.

पैशाचं पत्रात विचारलं नाहीस, पण सगळे विचारतात. व्हिसाच्या वेळी हेल्थ सरचार्ज भरलाय, त्यात बाळंतपण आलं. मिडवाइफकडे मॅटर्निटी एक्झम्प्शनचा अर्ज भरून घ्यायला विसरू नकोस, बाळ वर्षाचं होईपर्यंत औषधं आणि एनएचएसचा (इथल्या सरकारी आरोग्यसेवेचा) दंतवैद्य फुकट होतो. हिरड्यांतून रक्त येणारच आहे, तेव्हा दाखवून घे. नोकरी करत असशील तर तपासणीला पगारी वेळ मिळणं हा हक्क आहे. नवऱ्याला दोन भेटींसाठी सुट्टी मिळते, पण बिनपगारी. त्यातली एक त्याने बाराव्या आठवड्याच्या सोनोग्राफीसाठी राखून ठेवावी आणि या पहिल्या भेटीला तू एकटी जाते म्हणालीस, तर कुणाला वावगं वाटणार नाही. तुझ्या अडचणीवर सगळ्यात सोपी वाट हीच.

नवव्या आठवड्यापर्यंत थांबायचं नाही अशा गोष्टी: रक्त जाणं, एका बाजूला पोटात कळ, खांद्याच्या टोकाला दुखणं, चक्कर, किंवा चोवीस तास पाणीसुद्धा पोटात न ठरणं. अशा वेळी जीपी किंवा १११ या आरोग्य हेल्पलाइनला फोन कर, ते लवकरच्या गरोदरपणाच्या विभागात पाठवतात. फार रक्त जात असेल किंवा भोवळ येत असेल तर सरळ ९९९ ला फोन करून ॲम्ब्युलन्स. ‘तीन महिने कुणाला सांगायचं नाही’ हा आपला नियम शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी, दवाखान्यासाठी नाही.

निघताना मिडवाइफकडून दोन नंबर घे, तिच्या टीमचा आणि रात्री-अपरात्री फोन करायचा. पुढची भेट बहुधा सोळाव्या आठवड्यात असेल.

ता. क. उपाशी जायचं नाही. व्यवस्थित खाऊन, पाणी पिऊन जा. पाच-सहा नळ्या रक्त काढतात आणि पाणी कमी प्यालं की शीर लवकर सापडत नाही, रिकाम्या पोटी चक्करही येते. बाही वर सरकेल असा कुडता घाल. लघवीचा नमुना तिथेच द्यायचा असतो, त्यामुळे घरून निघताना बाथरूमला जाऊ नकोस. त्या बाटलीचं तुला आणखी एक काम आहे, हे वर सांगितलंच.